सासऱ्यांची गाडी, फुटलेली पट्टी आणि दोन मीटर कार्बन फायबर

डोंबिवलीहून एका जावयांचं पत्र आलंय. नाव छापू नका असं पत्रात तीन ठिकाणी आहे, म्हणून गाडीचंही नाव गाळतो. वीज मंडळातून निवृत्त झालेले सासरे सहा महिन्यांसाठी धाकट्या लेकीकडे अमेरिकेला गेले आणि जाताना आपली २०११ सालची सेडान जावयाच्या हवाली करून गेले. आठवड्यातून एकदा फिरवा, बॅटरी उतरू देऊ नका, एवढंच सांगणं. एका रविवारी जावयांनी त्या गाडीतून स्लॉटेड अँगलचं रॅक आणलं. मागची सीट पाडून, अँगल पुढच्या दोन सीटांच्या मधून काढून. वाटेत करकचून ब्रेक लागला आणि अँगलचं टोक डॅशबोर्डवरच्या लाकडी फिनिशच्या पट्टीवर आदळलं. पट्टीला तडा गेला, एका टोकाचा नखाएवढा तुकडा उडाला. रॅक उतरवताना दाराच्या पॅनलवर खोल चर पडला तो वेगळाच. मग दुरुस्ती सुरू झाली. तड्यात क्विक ग्लू ओतला, त्याचा पांढरा धुरकट डाग पडला. डाग काढायला बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं, तर डागाबरोबर पट्टीची चकाकी आणि लाकडाच्या रेषाही पुसल्या गेल्या. आता दोन मीटर काळं कार्बन फायबर व्हिनाईल, म्हणजे कार्बन फायबरसारखी दिसणारी चिकट फिल्म, मागवलंय. व्हिडिओत दाखवतात की त्याखाली सगळं झाकलं जातं. गल्लीतला पेंटर म्हणतो आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. सासरे गणपतीच्या आधी परततायत, हातात वीस दिवस आहेत. पट्टी, दार आणि 'एकसारखं दिसावं म्हणून' डॅशबोर्डचा वरचा भागही रॅप करून सासऱ्यांना सरप्राइज द्यावं का, असा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ: 'ते पेट्रोल भरलं की तारीख आणि किलोमीटर वहीत लिहिणारे गृहस्थ आहेत, यावरून काय ते समजा.'

प्रिय जावईबापू,

समजलो. पण आधी त्या व्हिडिओचं बघू.

चांगल्या कास्ट व्हिनाईलची जाडी गोंदासकट साधारण ९० मायक्रॉन असते. डोक्याचा केस असतो ७०च्या आसपास. म्हणजे केसाहून जेमतेम जाड असं एक कातडं तुम्ही त्या तड्यावर ओढणार. गच्चीवर पापड घालताना खालच्या चादरीला सुरकुती राहिली, तर वाळलेल्या पापडावर ती जशीच्या तशी उमटते. व्हिनाईलची जात तीच. उलट ते लावताना गरम करावं लागतं, आणि गरम झालं की ते मऊ होऊन खालच्या प्रत्येक खाचेत आणखी बसतं. व्हिडिओत झाकलं जातं, कारण कॅमेरा चार फुटांवर असतो आणि खालची पट्टी बहुतेक वेळा धडधाकट असते. पट्टी नुसती जुनाट दिसत असेल, रंग विटला असेल, बारीक ओरखडे असतील, तर व्हिनाईलसारखा स्वस्त आणि मस्त उपाय नाही. फुटलेल्या पट्टीचं तसं नाही.

तेव्हा पेंटर बरोबर बोलतोय, पण अर्धंच. लांबी कुठली आणि कशावर, हे त्याने सांगितलेलं नाही. या अर्ध्या बरोबरच्या नादात मी स्वतः तोंडघशी पडलोय. मेहुण्याच्या गाडीची मधली पट्टी होती. पत्र्याला मारतात तीच पॉलिएस्टर लांबी भरली, घासली, हात फिरवून बघितलं, गुळगुळीत. प्रायमर मारायचा कंटाळा केला आणि वर चकचकीत काळी फिल्म लावून दिली. मार्चमध्ये गाडी सुरेख दिसत होती. मे महिन्यात त्याने फोटो पाठवला: लांबीचा प्रत्येक डाग, त्याच्या कडेसकट, फिल्मवर नकाशासारखा उठला होता. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्ड सहज ७० अंशांपर्यंत तापतो. प्लास्टिक फुगतं, लांबी तेवढी फुगत नाही, आणि मधे अडकलेली फिल्म सगळं चहाडखोरासारखं बाहेर सांगते. मेहुणा अजून लग्नाकार्यात तो फोटो काढतो.

आता तुमच्या यादीला जरा कात्री लावू. तुम्ही तीन जागांचा एकच उपाय ठरवलाय, पण या तीन जागा वेगळ्या आहेत.

डॅशबोर्डचा वरचा भाग पहिला बाद. गाडीला डाव्या बाजूला एअरबॅग आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिचं झाकण डॅशबोर्डमध्येच असतं, आणि ते ठरलेल्या रेषेवर फाटून उघडावं म्हणून तिथलं प्लास्टिक आतून मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. त्या रेषेवर लांबी, गोंद, व्हिनाईल, काही म्हणजे काही नको. एअरबॅग सेकंदाच्या अगदी छोट्या भागात उघडते. तिच्या वाटेत चिवट कातडं आलं तर ती कशी आणि कुठे उघडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. हेच स्टीअरिंगच्या मधल्या गोल भागाचं, आणि ज्या गाड्यांना पडद्यासारख्या एअरबॅग असतात तिथे खिडकीशेजारच्या खांबांवरच्या कव्हरचंही. 'एकसारखं दिसावं' ही हौस इथे चालत नाही.

दाराचं पॅनलही रॅप करू नका. त्याचं कारण जरा तांत्रिक आहे. दाराची पॅनल बहुधा पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे पीपीची असतात. आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या बादल्या, डबे त्याच कुळातले. बादलीवर चिकटवलेलं लेबल कसं दोन दिवसांत कोपऱ्यातून उचलतं? पीपीला कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. वर त्यावर चामड्यासारखी दाणेदार नक्षी असते, म्हणजे फिल्म नुसत्या उंचवट्यांवर टेकते, खाली पोकळच राहते. पावसाळ्यात धरल्यासारखं वाटतं, दिवाळीनंतरच्या उन्हात सुटतं. दाराच्या चरासाठी वेगळं सांगतो.

उरली पट्टी. दीड फुटाची. दोन मीटर मागवलेल्या व्हिनाईलचं बाकी काय करायचं ते तुम्ही आणि तुमचं कपाट बघा.

पट्टी जागेवर ठेवून दुरुस्त करू नका, काढा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि दहा मिनिटं थांबा, एअरबॅग शेजारी असताना हा नियमच ठेवा. स्क्रूड्रायव्हर अजिबात घालू नका. पट्टी निघेल, पण डॅशबोर्डला नवा वण देऊन. जुनं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून कडेने सरकवा आणि क्लिपच्या जवळ उचला. पाऊस उघडून थोडं ऊन पडलं असताना करा, कारण थंड जुनं प्लास्टिक काचेसारखं तुटतं. चौदा-पंधरा वर्षांच्या क्लिपा एकदोन तुटणारच, त्या स्पेअरपार्टच्या दुकानात सुट्या मिळतात. कुठली क्लिप कुठे होती याचा फोटो काढून ठेवा.

आता पट्टी उलटी करा. मागे बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतील, ती प्लास्टिकची जात सांगतात. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर नशीबवान आहात, आणि लाकडी फिनिशच्या पट्ट्या बहुतेक एबीएसच्या असतात. नेलपॉलिश रिमूव्हरने तुमची पट्टी खाल्ली त्यावरूनही मला तसंच वाटतं. त्यात अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटोन एबीएसला विरघळवतं, पीपीला काही करत नाही. अक्षरं पीपी-टी-२० अशी असतील तर त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्यासारखी पूड घातलेली आहे. 'पीपी पाण्यावर तरंगतं, एबीएस बुडतं' हा प्रयोग काही जण सुचवतात. साध्या पीपीला तो लागू पडतो, पण पूड घातलेलं पीपीही बुडतं, त्यामुळे अक्षरांवर विश्वास ठेवा, बादलीवर नको.

ज्याने तुमचं वाटोळं केलं तेच अ‍ॅसिटोन आता कामाला लावायचं आहे. भंगारातला एबीएसचा एखादा तुकडा बारीक कापून काचेच्या बरणीत थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी चक्क्यासारखा घट्ट गोळा झाला पाहिजे. पातळ झाला तर अजून तुकडे घाला. तडा जिथे संपतो तिथे दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकत राहील. पाठीमागून तड्याची कड व्हीच्या आकारात कोरा, दर्शनी बाजूने चिकटपट्टी लावून दोन्ही भाग एका पातळीत धरा, आणि मागून हा गोळा भरा. त्यातच बारीक तारेची जाळी दाबून बसवा, नुसता गोळा जोर सहन करत नाही. उडालेल्या कोपऱ्यालाही हेच: चिकटपट्टीचा साचा, मागून जाळी आणि गोळा. अ‍ॅसिटोन उडून जाताना हा माल आक्रसतो, म्हणून एकदम थापू नका. पातळ थर, एक दिवस थांबा, पुन्हा थर. पावसाळी हवेत दोन दिवस धरा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरात समई तेवत असेल त्या वेळी तर बरणीचं झाकणसुद्धा उघडू नका.

पट्टी पीपी निघाली तर वरचा परिच्छेद विसरा. त्याला पीपीचीच कांडी वितळवून प्लास्टिक वेल्डिंग लागतं. बंपर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही गॅरेजात अर्ध्या तासात होतं. ते करून आणा आणि वर फिल्मआधी प्लास्टिकचा अ‍ॅढीजन प्रमोटर, म्हणजे पकड वाढवणारा हात, मारा.

पाठ भक्कम झाली की चेहऱ्याकडे वळायचं. त्याआधी धुणं. तुमच्या सासऱ्यांसारखी माणसं दर रविवारी डॅशबोर्डला पॉलिश मारतात, त्यात सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर लांबी धरत नाही, प्रायमर धरत नाही, व्हिनाईल तर नाहीच. भांडी घासायच्या साबणाने दोनदा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवं फडकं. हे घासण्याच्या आधी करायचं. नंतर केलं तर पॉलिश पेपर तेच सिलिकॉन खाली चोळून बसवतो. लोक नेमकं हेच उलटं करतात आणि मग व्हिनाईलला शिव्या देतात.

क्विक ग्लूचा पांढरा डाग पुसून जाणार नाही. दमट हवेत त्या गोंदाची वाफ आजूबाजूला बसून ती धुरी येते, ती घासूनच काढायची. रिमूव्हरने जिथे वार्निश गेलं आणि जिथे राहिलं, त्या दोन्हींच्या मधे एक बारीक पायरी झाली असेल. नखाने लागते बघा. ती पायरी फिल्मवर दिसणार म्हणजे दिसणार. म्हणून सबंध पट्टी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ३२० ने घासून एका पातळीत आणा. तोंडाला मास्क बांधा.

खड्डे भरायला पत्र्याची लांबी नको, 'प्लास्टिक बंपर पुट्टी' म्हणून मागा. ती लवचीक असते. एम-सीलही नको, ते वाळून दगड होतं आणि घासताना आजूबाजूचं मऊ प्लास्टिक आधी झिजतं. लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढं हार्डनर, असा ढोबळ अंदाज, बाकी डब्यावर लिहिलेलं बघा. लवकर वाळावी म्हणून जास्त घालू नका.

आता गॅरेजातली एक युक्ती सांगतो, ती शिकायला मला चार वर्षं लागली. लांबी वाळली की तिच्यावर काळा स्प्रे लांबून नुसता शिंतडा, उडीद पेरल्यासारखा. मग सपाट लाकडी ठोकळ्यावर ३२० नंबरचा पेपर गुंडाळून अलगद घासा. उंच भाग पांढरे होतील, खोलगट भागात काळे ठिपके राहतील. काळं राहिलं तिथे लांबीचा अजून एक हात. ठिपके सगळीकडून एकदम नाहीसे झाले की समजा सपाट झालं. नंतर डोळे मिटून, पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांखाली धरून पट्टीवर हात फिरवा. उघड्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. शेवटी अंधारात मोबाईलचा टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सावली पडली म्हणजे काम बाकी.

यावर प्रायमर हवाच. लांबी सच्छिद्र असते, फिल्मचा गोंद तिच्यात मुरतो आणि पकड जाते. दोन पातळ हात मारा, भर पावसात मारू नका नाहीतर दुधाळ होईल, आणि मग ४०० ने हलकं घासून एक आठवडा थांबा. डब्यावर 'एका तासात सुकतो' लिहिलेलं असतं, ते धूळ चिकटू नये एवढ्यापुरतं खरं. आतला थिनर दिवसेंदिवस बाहेर पडत असतो. घाईने वर फिल्म लावली तर त्याला वाट मिळत नाही आणि फुगे येतात. पट्टी नाकाशी धरा. थिनरचा वास आला तर अजून थांबा.

व्हिनाईल लावणं त्यामानाने सोपं आहे, त्याचे व्हिडिओ चांगले असतात, ते बघा. मी दोनच गोष्टी घालतो. कड मागे किमान एक सेंटिमीटर वळवा, धारेवर कापू नका. आणि ताण देऊन बसवू नका. शेवटी कडा नीट तापवल्या नाहीत तर ताणलेली फिल्म मूळ जागी परत जाते. मात्र एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फिल्मच्या कडांना ९०च्या जवळ न्यावं लागतं. दोन्हींत अंतर फार नाही, म्हणून हीटगन एका जागी धरू नका. दीड फुटाच्या पट्टीला घरचा हेअर ड्रायरही बराचसा पुरतो.

दिवस मोजा: जोडकाम चार-पाच, लांबी आणि घासकाम दोन, प्रायमर आणि थांबणं आठ, लावणं एक संध्याकाळ. वीस दिवसांत बसतं, रोज थोडं केलंत तर. शेवटच्या रविवारी सगळं उरकू म्हणालात तर बसत नाही.

दाराचा चर पीपीतला असेल तर त्याच्या उठलेल्या कडा नव्या ब्लेडने कापा आणि सोडून द्या. भरायला गेलात की दाणेदार नक्षीच्या मधे एक गुळगुळीत पट्टा तयार होतो, तो चरापेक्षा वाईट दिसतो. ही माझी आवड झाली; एखाद्या कारागिराला नक्षी उठवता येत असेलही. दुसरा मार्ग म्हणजे आख्खं पॅनल बदलणं.

त्यावरून आठवलं. घासकाम सुरू करायच्या आधी एक दिवस कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन या. भंगारात निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग तिथे मिळतात. तुमच्या मॉडेलची लाकडी पट्टी किंवा दाराचं पॅनल मिळालं, तर मी वर लिहिलेल्या सगळ्याची गरजच उरणार नाही. आपली फुटकी पट्टी बरोबर न्या. बेस मॉडेलला चंदेरी आणि वरच्या मॉडेलला लाकडी असा प्रकार असतो, मागच्या क्लिपांच्या जागाही कधी कधी वेगळ्या. घेण्याआधी उलटी करून दोन्ही शेजारी धरा. माल मिळेलच असं नाही, पण एक लोकलचं तिकीट आणि अर्धा दिवस, एवढंच जाईल.

नाही मिळाली तर रंगाचा प्रश्न येतो, आणि इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला खटकतंय. सासऱ्यांनी २०११ साली वरचं मॉडेल घेतलं म्हणजे त्या लाकडी पट्टीसाठीही पैसे मोजलेत. त्या जागी काळं कार्बन फायबर हे तुमच्या दृष्टीने सरप्राइज आहे. त्यांच्या दृष्टीने पट्टी कुठे गेली, हा प्रश्न आहे. लाकडी रेषांचं व्हिनाईल मिळतं, मॅट घ्या, बारीकसारीक दोष चकचकीतपेक्षा कमी दाखवतं. पण तेही त्यांना विचारून. आणि विचारायचं म्हणजे सांगावं लागणार. गाडीला काहीतरी भेट देतोय अशी बतावणी करून रंग विचारू नका. चौदा वर्षं तोच डॅशबोर्ड समोर घेऊन बसलेला माणूस आहे तो. उद्या सकाळी, त्यांची रात्रीची जेवणं होतील तेव्हा फोन लावा. तुम्ही लावा, बायकोला पुढे करू नका. रॅक, ब्रेक, क्विक ग्लू, रिमूव्हर, याच क्रमाने. रिमूव्हरपर्यंत पोचाल तोवर ते हसतील असा माझा अंदाज आहे, पण माझा सासऱ्यांबाबतचा अंदाज पूर्वी चुकलेला आहे. रागावले तर निदान आठ हजार मैलांवरून रागावतील, आणि विमानतळावरून घरी येताना ते त्याच डॅशबोर्डसमोर बसलेले असताना तुम्हाला गाडी चालवावी लागणार नाही.

ती वही ग्लव्ह बॉक्समध्येच असणार. पट्टीसाठी तो कप्पा काढावा लागला तर वही आणि पावत्यांची थप्पी ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने परत ठेवा. आणि या सहा महिन्यांत तुम्ही भरलेलं पेट्रोल तिच्यात लिहिलं नसेल, तर पावत्या शोधून, किलोमीटरसकट, आजच लिहून काढा.